गुडघ्याचे ऑपरेशन यशस्वी झाले, म्हणजे नेमके काय झाले?

ऑस्ट्रेलियात राहायला आल्यावर आपल्या बोलण्यात जे नवे शब्द आले, त्यांत 'ए.सी.एल.' हा एक आहे. शनिवारी नेटबॉल खेळणारी मुलगी, रविवारच्या क्रिकेटमधले काका, थ्रेडबोला स्कीइंग करून आलेले मित्र, ह्यांपैकी कोणाचे तरी 'ए.सी.एल. गेले' असे दर वर्षी कानावर येते. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "ऑपरेशन केले की गुडघा पहिल्यासारखा होतो ना?"

मी डॉक्टर नाही, संगणकाच्या क्षेत्रातला इंजिनिअर आहे. तीन वर्षांपूर्वी इनडोअर क्रिकेट खेळताना माझा डावा गुडघा दुखावला. आधी व्यायाम आणि नंतर शस्त्रक्रिया, अशा दोन्ही वाटांनी मी गेलो. त्या काळात ह्या विषयावरचे संशोधन जमेल तेवढे वाचून काढले. त्याचा सारांश इथे देत आहे. हा वैद्यकीय सल्ला नव्हे. निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

फाटते ते काय?

ए.सी.एल. म्हणजे अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड ह्यांना गुडघ्याच्या आत तिरकस बांधून ठेवणारी ही मजबूत पट्टी आहे. नडगी पुढे सरकू नये आणि वळताना गुडघा निसटू नये, हे तिचे काम. बहुतेक वेळा धक्का लागून नव्हे, तर पळता पळता एकदम थांबताना, दिशा बदलताना किंवा उडी मारून खाली येताना ती फाटते. 'कट्' असा आवाज येतो आणि काही तासांतच गुडघा सुजतो.

ह्या शस्त्रक्रियेचे प्रमाण ऑस्ट्रेलियात जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. २००० ते २०१५ ह्या काळात येथे १,९७,५५७ जणांवर ती पहिल्यांदा झाली. दर लाख लोकसंख्येमागचे वार्षिक प्रमाण ५४ वरून ७७ वर गेले आणि २५ वर्षांखालच्या मुलामुलींत ते ७४ टक्क्यांनी वाढले. म्हणजे हा प्रश्न आपल्या मुलांचा अधिक आहे.

शस्त्रक्रियेत फाटलेली पट्टी सहसा शिवत नाहीत. आपल्याच शरीरातून, बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा काढून, ती दुर्बिणीच्या साहाय्याने जुन्या पट्टीच्या जागी बसवतात. पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो.

आकडे काय सांगतात?

'यशस्वी' ह्या शब्दाचे तीन वेगवेगळे अर्थ आहेत आणि तेथेच आपला गोंधळ होतो.

पहिला अर्थ, गुडघा स्थिर झाला का? ह्या बाबतीत निकाल चांगले आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीत दहापैकी सुमारे नऊ जणांचा गुडघा सामान्य किंवा जवळजवळ सामान्य आढळतो. जिने, चालणे, ऑफिस, बागकाम ह्यांसाठी एवढे पुरेसे आहे.

दुसरा अर्थ, पूर्वीसारखे खेळता आले का? २०१४ साली सात हजारांहून अधिक पेशंटांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ८१ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले, पण दुखापतीपूर्वीच्या पातळीवर ६५ टक्केच, आणि स्पर्धात्मक खेळात ५५ टक्के. गुडघा ठीक असूनही माणसे परतत नाहीत, ह्याचे एक मोठे कारण मनातली भीती हे आहे. मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठातील संशोधकांनी ही मानसिक तयारी मोजण्यासाठी १२ प्रश्नांची प्रश्नावलीच २००८ साली तयार केली. फिजिओने ती मला भरायला दिली, तेव्हा पाय तयार होता पण मन नव्हते, हे कागदावर स्पष्ट दिसले.

तिसरा अर्थ, केलेले काम टिकले का? सिडनीत २०० पेशंटांचा २० वर्षे पाठपुरावा करण्यात आला. शस्त्रक्रियेच्या वेळी प्रौढ असलेल्यांपैकी ८६ टक्के लोकांची नवी पट्टी २० वर्षांनीही शाबूत होती. किशोरवयीनांत मात्र ६१ टक्केच. दुसरा गुडघाही विसरू नये. २५ वर्षांखालचे जे खेळाडू मैदानात परततात, त्यांच्यापैकी जवळजवळ चौघांतल्या एकाला त्याच किंवा दुसऱ्या पायाच्या ए.सी.एल.ची पुन्हा दुखापत होते, असे २०१६ च्या एका एकत्रित अभ्यासात आढळले.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऑपरेशनमुळे पुढची संधिवाताची शक्यता नाहीशी होत नाही. इजेच्या वेळी सांध्यातली कूर्चा आणि मेनिस्कस नावाच्या गाद्याही अनेकदा दुखावतात. त्याचा परिणाम १०-२० वर्षांनी दिसू शकतो. म्हणून वजन आटोक्यात ठेवणे आणि मांडीचे स्नायू बळकट ठेवणे हे जन्माचे काम आहे.

सर्वांनाच ऑपरेशन लागते का?

नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळकर पेशंटांचे दोन गट केले. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया केली. दुसऱ्याला आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया केली. पाच वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. उलट, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ३१६ पेशंटांच्या अभ्यासात, ज्यांचा गुडघा जुन्या दुखापतीनंतर निसटतच राहिला होता त्यांना शस्त्रक्रियेने अधिक फायदा झाला.

माझे असेच झाले. पाच महिने नेटाने व्यायाम करूनही जिना उतरताना गुडघा दगा देत होता, म्हणून शस्त्रक्रिया केली. ते पाच महिने वाया गेले नाहीत. बळकट स्नायू घेऊन ऑपरेशनला गेल्याचा नंतर उपयोगच झाला. माझ्या ओळखीच्या एक वहिनी मात्र केवळ व्यायामावर आज मजेत टेकड्या चढतात.

सिडनीच्या डॉ. टॉम क्रॉस यांच्या पद्धतीत दुखापतीनंतर लगेच गुडघा चार आठवडे काटकोनात पट्ट्यात ठेवतात आणि पुढे हळूहळू मोकळा करतात. २०२३ च्या अहवालात ८० पैकी ९० टक्के पेशंटांच्या एम.आर.आय.मध्ये तीन महिन्यांनी पट्टी जुळल्याची चिन्हे दिसली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि पाय इतके दिवस बांधल्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. विचारायचे असेल, तर पहिल्या काही दिवसांतच विचारावे.

नऊ महिन्यांची परीक्षा

शस्त्रक्रियेचा निकाल सर्जनच्या टेबलावर जेवढा ठरतो, तेवढाच पुढच्या नऊ महिन्यांत ठरतो. नवी पट्टी सुरुवातीच्या काही महिन्यांत उलट कमकुवत होते. तिच्यात नवा रक्तपुरवठा यावा लागतो, ती हाडात रुजावी लागते. दुखणे मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबते. 'दुखत नाही, म्हणजे बरा झालो' हा समज येथेच घात करतो. नॉर्वेतल्या एका अभ्यासात, खेळात परतणे नऊ महिन्यांपर्यंत लांबवल्यास दर महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचे प्रमाण सुमारे निम्म्याने कमी होताना दिसले.

आमच्या धंद्यात तारीख आली म्हणून नव्हे, तर चाचण्या पास झाल्या म्हणून काम ग्राहकाच्या हाती द्यायचे असते. गुडघ्याचेही तसेच. दोन्ही मांड्यांची ताकद आणि एका पायावरच्या उड्या मोजून दोन्ही पाय जवळजवळ सारखे येईपर्यंत थांबावे. ऋषभ पंतची शस्त्रक्रिया जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत झाली. तो मार्च २०२४ मध्ये मैदानात उतरला. फुटबॉलपटू सॅम कर हिला २० महिने लागले. त्यांच्या दिमतीला अख्खे पथक असते, मग आपण सहा महिन्यांची घाई का करावी?

खर्चाचे गणित

सार्वजनिक हॉस्पिटलात मेडिकेअरखाली शस्त्रक्रिया मोफत होते, पण प्रतीक्षायादी असते. खाजगी विम्यात 'सांध्यांची पुनर्बांधणी' हा गट ब्राँझ आणि त्यावरील पॉलिसींत असतो. सांधा बदलण्याचा गट वेगळा, दोन्हींत गल्लत करू नये. आधीपासूनच्या दुखण्यासाठी १२ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते, त्यामुळे गुडघा गेल्यावर पॉलिसी घेऊन लगेच उपयोग नाही. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांकडूनही आपल्या खिशातून जाणाऱ्या रकमेचा अंदाज आधी लेखी घ्यावा. फिजिओच्या वर्षभराच्या भेटी हिशेबात धराव्यात. क्लबचा विमा असेल तर तोही पाहावा. मेडिकेअरच्या यादीतले खर्च त्यातून मिळत नाहीत, फिजिओसारखे काही मिळू शकतात.

कोणी भारतात जाऊन ऑपरेशन करण्याचा विचार करतात. तेथे उत्तम सर्जन आहेत. परंतु नऊ महिन्यांचा पाठपुरावा येथे कोण करणार हे आधी ठरवावे, आणि परतीच्या लांब विमानप्रवासाबद्दल सर्जनला विचारावे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. माझ्या वयात आणि माझ्या खेळाचा विचार करता ऑपरेशनशिवाय किती जमेल?
२. मेनिस्कसला इजा आहे का? थांबल्याने ती वाढेल का?
३. कोणती कंडरा वापरणार, आणि का?
४. खेळात परतण्याआधी कोणत्या चाचण्या घेणार?

शेवटी पालकांना एक विनंती. फुटबॉलचा 'फिफा ११+' किंवा नेटबॉल ऑस्ट्रेलियाचा 'नी' कार्यक्रम, असे सरावापूर्वीचे व्यायाम नियमित केल्यास ए.सी.एल.च्या दुखापती सुमारे निम्म्याने कमी होऊ शकतात. त्याला पंधरा-वीस मिनिटे पुरतात आणि खर्च काही नाही. येत्या शनिवारी मुलांना मैदानावर सोडाल, तेव्हा कोचला एवढेच विचारा: "आपल्या टीममध्ये हे व्यायाम घेतले जातात का?"