लाकडाचे सांधे : सांचीचा कठडा आणि आपले बाक

विहाराच्या अभ्यासिकेतील बाक दोन पावसाळ्यांत खिळखिळे झाले, तेव्हा लाकूडच वाईट असे आम्ही समजलो. बाक उलटे करून पाहिले तर लाकूड धड होते. पाय फळीला नुसते खिळ्यांनी ठोकले होते. खर्च वाचावा म्हणून सुताराला तसे आम्हीच सांगितले होते! आता नवे बाक करावयाचे आहेत आणि आपली काही मुले आय.टी.आय.मध्ये सुतारकाम शिकत आहेत, म्हणून हा अभ्यास सर्वांपुढे ठेवीत आहोत.

लाकूड हवेतील ओल घेते. पावसाळ्यात ते रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. या हालचालीत आणि बसणाऱ्यांच्या हिसक्यांनी खिळा सैल होतो. स्क्रू अधिक धरतो, पण आधी बारीक भोक पाडले नाही तर फळी चिरते. फेव्हिकॉलसारखा सरस दोन फळ्या कडेला कड लावून दाबल्या तर उत्तम धरतो. कापलेल्या टोकाला लावल्यास लाकूड तो पिऊन टाकते. नुसत्या सरसावर बाकाचा पाय उभा करू नये.

पायाला खरा उपयोगी सांधा कुसवाचा. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, तिला कुसू म्हणतात. दुसऱ्या लाकडात पटाशीने तेवढेच भोक पाडायचे. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवावी. जास्त ठेवली तर भोकाच्या दोन्ही बाजू पातळ होऊन फुटतात. कुसवाच्या दोन्ही अंगांचे खांदे समोरच्या लाकडाला टेकतात आणि डुगडुग थांबते.

हा सांधा किती जुना, हे सांचीला दिसते. तेथील मोठ्या स्तूपाभोवतीचा कठडा दगडाचा, पण रचना सुताराची. उभे स्तंभ, त्यांच्या खाचांत बसविलेल्या आडव्या सूची, आणि स्तंभांच्या माथ्यावरील कुसवांवर बसविलेले उष्णीष. दगडाला याची काही गरज नव्हती. हाताला लाकडाची सवय होती, एवढेच. सूची दोन स्तंभांमध्ये अडकलेली असते, ती मागाहून घालता येत नाही. म्हणून जोडण्याचा क्रम आधी ठरवावा लागतो. अलीनचित्त जातकातील सुतार जंगलातच घराचे भाग तयार करून, खांबापासून सुरुवात करून त्यांवर खुणा घालीत आणि मग नावेतून नगरात आणीत. (आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून पाहावे, छताच्या मूळ लाकडी फासळ्या अजून तेथे आहेत.)

कपाटाच्या खणांना पारव्याच्या शेपटीसारखा डव्हटेल सांधा बरा, कारण खण नेहमी पुढे ओढला जातो. भुशाच्या दाबलेल्या तक्त्यात कुसू टिकत नाही, तेथे स्क्रूच लावावा.

नवे बाक सागाचे, कुसवाचे आणि आडव्या लाकडी खुंटीचे करावयाचे ठरले आहे. सुताराचे दिवस वाढतील, तो खर्च समितीने मान्य केला आहे. शिकणाऱ्या मुलांनी पेन्सिल घेऊन यावे. प्रत्येक पायावर आणि त्याच्या भोकाशेजारी एकच आकडा घालण्याचे काम त्यांचे.