सुट्टीत घरी आलेल्या मुलाकडे नीट पाहा

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईला, नागपूरला शिकायला गेलेली मुले घरी येतात. दारातच आई म्हणते, "किती वाळलास रे!" आणि वडील विचारतात, "पेपर कसे गेले?" मूल थोडक्यात उत्तर देते, जेवते आणि दुसऱ्या दिवशी बारापर्यंत झोपते. मग घरात कुरकुर सुरू होते. पण पहिल्या वर्षाच्या मुलाचे हे वागणे आळस, साधा थकवा की आजार, हे पालकांनी जाणून घेतले पाहिजे.

झोपेचे पाहू. अठरा ते पंचवीस वर्षांच्या वयात रोज सात ते नऊ तास झोप लागते. वसतिगृहात जागरणे होतात, खोलीतले दिवे उशिरापर्यंत चालू असतात. त्यामुळे घरी आल्यावर दोन-तीन दिवस मूल जास्त झोपले तर झोपू द्यावे. नंतर मात्र उठण्याची वेळ ठरवावी व सकाळच्या उन्हात फिरायला न्यावे.

दुसरी गोष्ट आहाराची. सकाळचा नाश्ता बुडवून चहा-बिस्किटांवर दिवस काढणारी मुले पुष्कळ. धाप, थकवा, चेहऱ्यावर फिकटपणा असेल तर हिमोग्लोबिन तपासावे. ते मुलींमध्ये १२ व मुलांमध्ये १३ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. डबाभर लाडवांनी तो भरून निघत नाही. पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, वर लिंबू पिळून द्यावीत. जेवणाबरोबर चहा टाळावा. त्याने लोह अंगी लागत नाही. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटणारे वजन याला 'मेसचे जेवण' हे कारण देऊन गप्प बसू नये. सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी मोफत होते. डोळे व लघवी पिवळी दिसल्यास कावीळ समजून लगेच डॉक्टर गाठावा.

आता मनाविषयी. घरची आठवण येणे हा आजार नव्हे. ओळखी वाढल्या की ती बहुधा कमी होते. पण गावात पहिला येणारा मुलगा शहरातल्या वर्गात मागे पडतो, इंग्रजीतले व्याख्यान डोक्यावरून जाते. घरच्यांनी कर्ज काढून फी भरली आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो "सगळे ठीक आहे" म्हणतो. अशा मुलाला पाहुण्यांसमोर गुण विचारू नयेत. शेतावर जाताना किंवा भाजी निवडताना सहज विचारावे, "तिथे जेवायला कुणाबरोबर बसतोस?" उत्तरात एखादे नाव आले तर बरे. "एकटाच" असे उत्तर आले तर आणखी वेळ काढून ऐकावे. रॅगिंगचा त्रास असेल तर महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, हेही मुलाला सांगावे.

दोन आठवडे किंवा अधिक काळ उदासी, आवडत्या गोष्टीतही रस नसणे, झोप व भूक बिघडणे, "मी कशालाच लायक नाही" असे बोलणे, ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. त्यावर उपचार आहेत. मरणाची भाषा आली तर "नाटक करू नकोस" असे कधीही म्हणू नये. "जीव द्यावासा वाटतो का?" असे शांतपणे विचारावे, विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मूल मोकळे होते. अशा वेळी त्याला एकटे ठेवू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो, मराठीतही.

परत पाठवताना "आमच्या पैशाचे चीज कर" असे बजावू नये. "जमले नाही तर सांग, मार्ग काढू," एवढे सांगावे. हा आधार असला की अडचणीत मूल पहिला फोन घरी करते.