वरकड खर्चाची वाटणी

बंगळूर शहराच्या आग्नेय बाजूस बेळ्ळंदूर हे गाव आणि त्याच नावाचा विस्तीर्ण तलाव आहे. गावाभोवती आज संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. परंतु तलावाच्या उत्तरेस असलेली धावपट्टी यापेक्षा पुष्कळ जुन्या उद्योगाची साक्ष देते. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४०मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी येथे काढली. महायुद्धाच्या काळात अमेरिकन हवाईदलाची विमाने दुरुस्तीसाठी या कारखान्यात येत. युद्ध संपले आणि ते काम आटले. मात्र इमारती, यंत्रे आणि कसलेले कारागीर जागच्या जागी राहिले. तेव्हा विमानांच्या या कारखान्यात रेल्वेचे डबे व बसगाड्यांचे सांगाडे तयार होऊ लागले. त्याच आवारात डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ या शिकाऊ विमानाचा आराखडा सिद्ध झाला आणि १९५१मध्ये ते विमान उडाले.

एका आवारात विमान, रेल्वेचा डबा आणि बसचा सांगाडा असे तीन प्रकारचे काम चालले की हिशेबनिसापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. डब्याला लागलेला पत्रा डब्याच्या नावे मांडता येतो, तो ठोकणाऱ्या कारागिराची मजुरीही मांडता येते. परंतु वीजघराचा खर्च, पहारेकऱ्यांचे पगार, भांडारातील कारकून, इमारतीची घसारा-आकारणी ही कोणाच्या नावे मांडावयाची? विमान त्यांच्यावाचून होत नाही आणि डबाही होत नाही.

अशा खर्चाला इंग्रजीत ‘ओव्हरहेड’ म्हणतात. परिभाषाकारांनी त्यासाठी ‘उपरिव्यय’ असा शब्द घडविला आहे. तो निर्दोष असला तरी जिभेवर रुळत नाही. आमच्याकडील जुन्या जमाखर्चात ‘वरकड खर्च’ असा शब्द येतो व तोच येथे वापरला आहे. मात्र ‘वरकड’ याचा अर्थ ‘फालतू’ असा वाचकाने करू नये. पुष्कळ कारखान्यांत हा खर्च मजुरीच्या कितीतरी पट असतो.

सर्व वरकड खर्च एका ठिकाणी गोळा करून मजुरीच्या तासांवर सरसकट वाटणे, ही सर्वांत सोपी रीत होय. ही रीत किती फसवी असू शकते हे एका कल्पित उदाहरणाने पाहू.

एका लहान कारखान्यात दोन उत्पादक खाती आहेत: यंत्रखाते आणि जुळणीखाते. त्यांची सेवा करणारे तिसरे दुरुस्तीखाते आहे. महिन्याचा वरकड खर्च यंत्रखात्याचा ४,३२,००० रुपये, जुळणीखात्याचा १,१६,००० रुपये आणि दुरुस्तीखात्याचा ६०,००० रुपये, म्हणजे एकूण ६,०८,००० रुपये आहे. कारखान्यात महिन्याला ३०० दंतचक्रपेट्या आणि ४०० विद्युत्फलक तयार होतात. एका पेटीला यंत्राचे चार तास व जुळणीत मजुरीचे दोन तास लागतात. एका फलकाला यंत्राचा एक तास व जुळणीत मजुरीचे साडेसहा तास लागतात. यंत्रखात्यात एक कामगार एकाच वेळी दोन यंत्रे सांभाळतो, म्हणून यंत्राच्या दोन तासांना मजुरीचा एकच तास पडतो.

मजुरीचे एकूण तास ४,००० होतात आणि तासाला १५२ रुपये असा सरसकट दर निघतो. पेटीला मजुरीचे एकंदर चार तास लागतात, म्हणून तिच्यावर ६०८ रुपये बसतात. फलकाला सात तास लागतात, म्हणून त्याच्यावर १,०६४ रुपये बसतात.

आता हाच खर्च खात्याखात्यांतून नेऊ. दुरुस्तीखात्याचे कामगार आपल्या वेळाचा पाच भागांतील चार भाग यंत्रखात्यात घालवितात असे त्यांच्या कामपत्रकांवरून दिसते. म्हणून ६०,००० पैकी ४८,००० रुपये यंत्रखात्याकडे आणि १२,००० रुपये जुळणीखात्याकडे जातात. यंत्रखात्याचा खर्च ४,८०,००० रुपये झाला आणि यंत्राचे तास १,६०० आहेत. दर ३०० रुपये. जुळणीखात्याचा १,२८,००० रुपये झाला आणि मजुरीचे तास ३,२०० आहेत. दर ४० रुपये. या हिशेबाने पेटीवर १,२८० रुपये पडतात आणि फलकावर ५६०. खर्चाची एकूण रक्कम दोन्ही रीतींत तीच आहे. सरसकट दराने एक पैसाही वाचविला नव्हता. पेटीचा भार तेवढा फलकाच्या खांद्यावर टाकला होता.

हा केवळ वहीतील फरक नव्हे. समजा, माल व मजुरी वजा जाता एका पेटीमागे १,१०० आणि एका फलकामागे ९०० रुपये हाती राहतात. सरसकट रीतीने पाहणाऱ्या व्यवस्थापकाला प्रत्येक फलकामागे १६४ रुपयांचा तोटा दिसेल आणि तो फलक बंद करील. त्यामुळे कारखान्याचे ३,६०,००० रुपये बुडतील. वरकड खर्च मात्र तेवढा घटणार नाही; इमारत तीच, पहारेकरी तेच. त्यांपैकी एक लाख रुपये वाचले असे धरले तरी ५,०८,००० रुपये एकट्या पेट्यांवर येतील. पूर्वी महिन्याला ८२,००० रुपयांचा नफा होता, त्या जागी १,७८,००० रुपयांचा तोटा होईल. जुळणीखात्यातील कामगारांची रोजी जाईल ती वेगळीच. दुसऱ्या रीतीने पेटीत १८० रुपयांचा तोटा दिसतो, पण म्हणून पेटी बंद करणे हीही तितकीच मोठी चूक होईल. एखादी वस्तू बंद केल्याने कोणता खर्च खरोखर थांबतो हा प्रश्न निराळा आहे आणि वाटणीचे कोष्टक त्याचे उत्तर देत नाही.

वाटणीचा पाया कोणता घ्यावा याविषयी एकच कसोटी उपयोगी पडते: हा खर्च कशामुळे वाढतो? भाडे व झाडलोट क्षेत्रफळावर, वीज अश्वशक्ती व चालू तासांवर, उपाहारगृह माणसांच्या संख्येवर वाटावे, हे ओघाने आले. पण येथेही सवयीने चुका होतात. मुलाम्याच्या खात्यातील विषारी पाणी शुद्ध करण्याचा खर्च कित्येक ठिकाणी सर्व खात्यांवर क्षेत्रफळाप्रमाणे टाकतात. मग मुलामा स्वस्त दिसतो आणि ज्या वस्तूला मुलामा नाही ती महाग ठरते. पाणी शुद्ध न करताच सोडले, तर तो खर्च कोणत्याच वहीत चढत नाही. बेळ्ळंदूरच्या तलावावर फेसाचे ढीग साचले, २०१५ साली आणि पुन्हा २०१७ साली त्याला आग लागली. त्यात उतरणाऱ्या सांडपाण्याचा मोठा वाटा घरगुती आहे हे खरे. तरी वहीत न चढलेला खर्च कोठे जाऊन साचतो हे तेथे डोळ्यांनी दिसते.

आता रिकाम्या यंत्रांविषयी. वरील कारखान्यात मागणी घटून यंत्रे १,६०० ऐवजी १,२०० तास चालली आणि ४,८०,००० रुपयांचा खर्च तसाच राहिला, तर दर ३०० वरून ४०० रुपयांवर जाईल. त्या दराने किंमत वाढविली की मागणी आणखी घटेल आणि दर आणखी चढेल. अशा रीतीने कारखाना स्वतःच्याच हिशेबाने बुडू शकतो. म्हणून दर नेहमीच्या क्षमतेवर बांधावा, हेच योग्य. ३०० रुपयांच्या दराने ३,६०,००० रुपये मालावर बसतील. उरलेले १,२०,००० रुपये रिकामेपणाचा खर्च म्हणून त्या काळाच्या नफातोट्यात वेगळे दाखवावेत. मालसाठ्याच्या मूल्यांकनाविषयीचे भारतीय लेखामानकही स्थिर उत्पादनखर्च नेहमीच्या क्षमतेवरच वाटावयास सांगते. अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च या इंग्रज अभियंत्याने १९०१ सालीच हा रिकामेपणा वेगळा मोजावा असा आग्रह धरला होता.

जेथे एक माल बाजारभावाने आणि दुसरा ‘खर्च अधिक ठरावीक नफा’ या तत्त्वावर सरकारला विकला जातो, तेथे तर वाटणीवर करडी नजर हवी. बाजारात स्पर्धा असते, म्हणून त्या मालावरील वरकड खर्च हलका करून सरकारी मालावर चढविण्याचा मोह सहज होतो. आणि ज्याच्या पदरी हा भार येतो त्या करदात्याला त्याचा पत्ताही नसतो. १९६५ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन ठरावीक उद्योगांना परिव्ययाच्या नोंदी ठेवणे व त्या तपासून घेणे भाग पाडण्याची तरतूद झाली, ती या दृष्टीने महत्त्वाची आहे. २०१३च्या कायद्यात ती कलम १४८ म्हणून कायम आहे.

खात्यावार वाटणीलाही मर्यादा आहेत. रॉबिन कूपर व रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८०नंतरच्या दशकात दाखवून दिले की यंत्राची नवी मांडणी, मालाची तपासणी, खरेदीचे आदेश असे पुष्कळ खर्च तासांवर नव्हे, तर त्या त्या कृतीच्या संख्येवर वाढतात. दहा नगांच्या मागणीला यंत्र मांडावे लागते, हजार नगांच्या मागणीलाही तितकेच. त्यांची रीत अधिक अचूक आहे. पण तिला लागणाऱ्या नोंदी ठेवण्याचा खर्चही वरकडच, आणि लहान कारखान्याला तो झेपेलच असे नाही.

१९६४मध्ये भारत अर्थ मूव्हर्स ही कंपनी स्थापन झाली आणि बंगळूरचा रेल्वेडब्यांचा कारखाना तिच्याकडे गेला. कारखान्याचा असा एखादा भाग वेगळा निघतो तेव्हा त्याचा पत्रा आणि त्याचे कारागीर त्याच्याबरोबर जातात. पहारा, वीजघर, मुख्य कचेरी हे बहुतेक मागे राहतात. आजवर त्या भागाने उचललेला त्यांचा वाटा दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या मालावर येतो. म्हणून विभाजनापूर्वीच हिशेबनिसाने दोन याद्या कराव्यात, एक निघून जाणाऱ्या खर्चाची आणि एक मागे राहणाऱ्या खर्चाची, आणि दुसरीतील प्रत्येक रकमेपुढे ती यापुढे कोणते खाते उचलणार हे लिहून ठेवावे.