पुनरुत्थानाच्या सणाचे मेज व जुन्या बाजारातील वस्तू

शास्त्रभाग : मार्क ११:१–६, योहान २१:९–१४, १ करिंथ १०:२५–२८ व ११:२०–२२, अनुवाद २४:१०–१३.

दुःखसहनाचा सप्ताह जवळ येऊ लागला म्हणजे मंडळ्यांतून प्रीतिभोजनाची सिद्धता सुरू होते, आणि तिच्याबरोबर एक चिंताही घरोघर शिरते. मेज शोभले पाहिजे, म्हणून कोणी नवी भांडी घेतो, कोणी नवे कापड आणतो. एका दिवसाच्या शोभेसाठी काढलेले कर्ज मात्र पुढच्या सुगीपर्यंत फेडीत बसावे लागते. उलट ज्याच्या घरी पोचे आलेले एकच ताट आहे, तो काहीतरी निमित्त सांगून घरीच राहतो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांस लाजविण्याविषयी पौलाने करिंथकरांस जे विचारले, ते उपदेशकांनी ह्या प्रसंगी वर्गात अवश्य वाचून दाखवावे.

ज्या प्रभूचा हा सण, त्याने यरुशलेमेत प्रवेश केला तो दुसऱ्याच्या शिंगरावर बसून, आणि ते परत पाठवू असा निरोपही आधीच दिला. वल्हांडणाची माडी दुसऱ्याची होती, कबरही अरिमथाईकर योसेफाची. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राच्या काठी त्याने शिष्यांस न्याहारीस बोलाविले, तेव्हा कोळशांचा विस्तव, मासळी व भाकर एवढेच योहान सांगतो. भांड्याचा उल्लेखही करीत नाही.

तथापि जुन्या वस्तूंची गोष्ट काढली की आपले तरुण एक आक्षेप घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ते म्हणतात, “दुसऱ्याचे टाकलेले वापरण्यातच आमच्या वाडवडिलांचा जन्म गेला, आता सणाच्या दिवशीही तेच का?” हे खरे आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या पूर्वजांच्या पदरात गावकीच्या कामाबद्दल जुनेर व शिळी भाकर वरून टाकली जाई. सन १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी शिळेउष्टे तुकडे घेणे सोडा असे आपल्या लोकांस निक्षून सांगितले. पुढे सन १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील महारकीची वतनेही रद्द झाली. तेव्हा कोणी दया दाखवून फेकलेली वस्तू प्रीतिभोजनाच्या मेजावर येऊ नये, असेच माझेही मत आहे. परंतु भर बाजारात उभे राहून, दहा वस्तू उलटसुलट करून, भाव ठरवून, स्वकष्टाचा पैसा देऊन घेतलेला तांब्या ही भीक नव्हे. तो दुकानदाराने नाइलाजाने दिलेला नसतो व आपणही हात पसरून घेतलेला नसतो. ह्या दोहोंतील भेद मुलांस नीट समजावून द्यावा. नाही तर काटकसर शिकविता शिकविता आपण त्यांस जुनी लाचारीच शिकवू.

आता बाजारात काय पाहावे? प्रथम भांड्याच्या काठावरील नाव वाचावे. आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव कोरून घेण्याची रीत आहे. ते नाव आपल्याच गावच्या एखाद्या घरचे निघाले, तर ते भांडे अडचणीत मोडीत गेले असावे किंवा गहाणात बुडाले असावे. ते घासूनपुसून मेजाच्या मध्यभागी मांडले आणि त्या घरची बाई पंगतीस आली, तर तिच्या गळ्याखाली घास उतरेल काय? असे भांडे घेतलेच, तर घेतल्या भावाने गुपचूप त्या घरी परत द्यावे. पैसे सवडीने घ्यावे. गहाण घेणाऱ्याने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, असे नियमशास्त्र सांगते, त्यातील मर्म हेच. भाव अगदीच कवडीमोल असला व विकणारा घाईत असला, तर माल चोरीचा समजून पुढे चालावे.

समईविषयी उपदेशक हमखास विचारतात. बाजारातील समई पूर्वी कोठे तेवत होती कोण जाणे; ती आपल्या मेजावर चालेल काय? पौलाचा नियम सरळ आहे : बाजारात विकते ते खुशाल घ्यावे, चौकशी करीत बसू नये, पण कोणी बंधू अडखळत असेल तर त्याच्यासाठी ती बाजूस ठेवावी. नव्याने विश्वासात आलेले कुटुंब पंगतीस असेल तर मी समईऐवजी कंदील ठेवीन.

पितळ चिंचेने व राखेने घासून, धुऊन लगेच कोरडे करावे. ओले राहिल्यास डाग पडतात. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, आमटी वा कोशिंबीर घालू नये, ती कळकते व पोटास बाधते. कल्हईवाला आता सहजी सापडत नाही; तोवर ते भांडे फुलांसाठी वापरावे. टवका उडालेल्या इनॅमलच्या थाळ्या आणि रंगीत नक्षीच्या फार जुन्या बशा ह्यांतही जेवण वाढू नये. जुन्या रंगांत व झिलईत शिसे असू शकते. लोणच्याची तडकलेली बरणी मात्र फुलांस उत्तम, आतून एक पेला ठेवला म्हणजे झाले.

मेजावर घालण्यास जुने नऊवारी लुगडे पुरे. विरलेला भाग मधून कापून काठ दोन्ही बाजूंस येतील असे शिवावे. बायकांनी बोहारणीला गाठोडे देण्यापूर्वी एकदा उलगडून पाहावे. एका पातेल्यापायी चांगले काठ जातात. मेज नसेल तर खंत नको. जाजम घालावे, मध्ये दोन चौरंग मांडावे व पत्रावळींवर वाढावे. मग कोणाचे ताट पोचलेले व कोणाचे लखलखीत हा प्रश्नच उरत नाही.

फुले विकत घेऊ नयेत. हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल ह्यांच्या दरम्यान केव्हाही येतो. सन २०२४ मध्ये तो ३१ मार्चला आला, तेव्हा पळस शोधता आला. सन २०२५ मध्ये २० एप्रिलला आला, तेव्हा बहाव्याचे दिवस होते. पळस लवकर गळतो, म्हणून त्या दिवशी पहाटेच तोडून आणावा. अंडी रंगवावयाची असल्यास कांद्याच्या सुक्या साली पाण्यात घालून त्यातच उकडावी, तांबूस रंग चढतो; हळदीने पिवळा येतो. हे काम मुलांकडे द्यावे, आणि उसनी आणलेली भांडी कोणाची कोणती हे पाटीवर लिहून ठेवण्याचे कामही त्यांच्याकडेच असावे, म्हणजे सोमवारी सकाळी ज्याची त्याला पोचतील.