बदलीच्या अर्जाआधी

माहूर, मार्गशीर्ष

चि. नंदू यास अनेक आशीर्वाद.

काल किनवटच्या गाडीतून उतरलेल्या एकानं मला स्टँडवरच गाठलं. म्हणाला, "गुरुजी, तुमच्या भाच्यानं पालकसभेत तांड्याला पार धुऊन काढलं." 'तुम्ही लोक सुधारणारच नाही' असं म्हणून तू हजेरीपट आपटलास आणि बदलीचा अर्जही लिहून ठेवलास म्हणे. लोक तिखटमीठ लावतात, ते मला ठाऊक आहे. पण रात्री अक्काचा फोन आला, तीही तुटक बोलली. म्हणून लिहितो.

राग मला कळतो. कापूस फुटला की वर्ग ओस पडतो. पण वेचणीची मजुरी किलोवर मिळते रे, पोराचे दोन हातही त्यात धरलेले असतात. त्या आईला शाळेची वैरीण समजू नकोस. आणि 'सुधारणारच नाही' हे कुठून शिकलास? तुला सतराचा पाढा येत नव्हता, तेव्हा अक्कानं आधी दोनाचा पाढा शेजारणींना ऐकवायला लावला होता. विसरलास?

राळेगणसिद्धीचं ऐकलंयस. 1975 साली अण्णा हजारे फौजेतून गावी परतले, तेव्हा गावात पाणी नव्हतं आणि दारूच्या भट्ट्या मात्र होत्या. त्यांनी आधी भट्ट्यांना हात घातला नाही. यादवबाबांचं पडकं देऊळ पदरचे पैसे घालून उभं करायला घेतलं. काम दिसायला लागलं तशी माणसं आली. भट्ट्या बंद करायचं पुढं त्याच देवळात ठरलं. मग नालाबांध, पाझर तलाव झाले, विहिरींना पाणी आलं. नंतरच्या राजकारणावर तुझं-माझं पटायचं नाही, ते सोड. तिथं दारुड्यांना खांबाला बांधून फटके मारत, तेही मला पटत नाही, आणि तुझा हजेरीपट आपटणं त्याच जातीचं. घ्यायचं ते एवढंच, की एक काम आपल्या हातून पार पडलं हे गावानं पाहिलं आणि मग पुढच्याला हात घातला.

तू हजेरीपटात गैरहजर तेवढे मोजतोस. वेचणीच्या दिवसांतही एखादी पोरगी उशिरा का होईना येतेच ना, बोटांना बोंडाच्या टोकांचे ओरखडे घेऊन? संध्याकाळी तिच्या घरी जा. चार शेजाऱ्यांच्या देखत सांग, हिनं आज अख्खं पान वाचलं. वाचलं असेल तरच हं, खोटं कौतुक तांड्याला लगेच कळतं. मग तांड्याच्या नायकाला विचार, वेचणीला जायच्या आधी तासभर पोरं पाठवता का? एवढं त्यांना झेपेल. दोन घरांनी पाठवलं तर त्या दोन घरांचं नाव घे, न पाठवणाऱ्यांचं नको. 'सुधारणारच नाही' म्हटल्यावर कोण कशाला येईल?

माझी नोकरी तांड्यांच्या शेजारीच गेली, पण बंजाऱ्यांची गोरमाटी बोली शिकायची राहून गेली. आया दारात उभ्या राहून बोलायच्या, त्या शाळेला नावं ठेवतात की पोराचं कौतुक करतात, हेही उमगायचं नाही. आता ते मनाला लागतं. तू शिक. एखाद्या म्हातारीला 'याडी', म्हणजे आई, अशी हाक मारून बघ, चहा प्यायल्याशिवाय सोडणार नाही.

फार बोललो, मनावर घेऊ नकोस. अर्ज एवढी वेचणी होईतो खिशातच राहू दे. त्यानंतरही जावंसं वाटलं तर जा, मी अक्काला समजावीन. सभेत तू एवढा ओरडलास, म्हणजे मन लावून शिकवतोस, हे मला दिसतं. ज्याला काही पडलेलं नसतं, तो ओरडत नाही.

एकटा राहतोस, रात्री नीट जेवतोस का? दत्तजयंतीला गर्दीत उभ्यानं यावं लागेल, तरी ये. गडावरचा तांबूल आणून ठेवतो, मामीनं लसणाची चटणी कुटलीय. येताना त्या पोरीचं नाव सांग, तिच्यासाठी चांगलंसं पुस्तक घेऊन ठेवीन.

तुझा,
मामा