गोवराचा राहिलेला डोस: फुकटचा की विकतचा?

बाळाचं कार्ड हरवलेलं असतं, नाहीतर दुसरा डोस गावी जाण्याच्या गडबडीत राहून गेलेला असतो. शाळाप्रवेशाच्या वेळी ते लक्षात येतं आणि घरात वाद सुरू होतो: आरोग्य केंद्रात जायचं की खासगी डॉक्टरांकडची 'भारीतली' लस घ्यायची?

गोवरापुरतं बोलायचं तर भारी-हलकी असं काही नसतं. सरकारी लस एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला, मोल शून्य. खासगीत मिळते ती बहुधा एमएमआर. तिच्यात गालगुंडाची भर. जास्तीचे पैसे जातात ते या गालगुंडासाठी. पुण्याच्या सीरमची एमआर घ्या की तिथलीच एमएमआर ट्रेसिव्हॅक, गोवराचा वाण एकच, एडमनस्टन-झाग्रेब. परदेशी कंपनीची प्रायोरिक्स बरीच महाग पडते; गोवरापासूनचं संरक्षण मात्र तेवढंच. कांजिण्यांसह चार रोगांची एकत्र लस एक टोचणी वाचवते, पण लहान बाळाच्या पहिल्या डोसाला तिने तापातल्या झटक्यांचा धोका किंचित वाढतो.

सरकारी डोस 9 ते 12 आणि 16 ते 24 महिन्यांत; चुकले तर पाच वर्षांपर्यंत देतात. बालरोगतज्ज्ञांची संघटना एमएमआर 9 व्या, 15 व्या महिन्यात आणि पुन्हा 4 ते 6 वर्षांत सुचवते. सरकारीत दोन डोस झाले असतील आणि गालगुंडाचीही काळजी असेल, तर खर्च या शेवटच्या डोसावर करावा. खासगीतलं बिल म्हणजे लसीची छापील किंमत आणि वर डॉक्टरांची फी, टोचणावळ म्हणा हवं तर. दोन्ही आकडे फोनवरच वेगवेगळे विचारून घ्या.

कार्ड नाही म्हणून रक्ततपासणीच्या नादी लागू नका. सरळ लस द्या. आधीच झालेला डोस पुन्हा पडला तरी अपाय नाही. 2022 च्या मुंबईतल्या उद्रेकासारख्या वेळी नऊ महिन्यांच्या आत दिलेला डोस मात्र हिशेबात धरायचा नाही. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. मूल स्टिरॉइडवर असेल किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा.

लस भुकटीच्या रूपात येते. द्रव मिसळल्यावर सरकारी केंद्रात कुपी चार तासच चालते, म्हणून तिच्यावर वेळ लिहितात. ती बघायला संकोच नको. टोचून झाल्यावर कार्डावर तारीख आणि बॅच क्रमांक लिहून घ्या आणि तिथंच उभ्या उभ्या मोबाइलवर फोटो काढा.