कुळाचार : देऊळ नसताना घराने सांभाळलेला धर्म



सत्संगानंतर एक प्रश्न वारंवार विचारला जातो. रोजचे ध्यान आणि नामस्मरण नियमित सुरू असेल, तर घरच्या जुन्या रीतीभाती पाळण्याची गरज उरते का? सांजवात, कुलदैवताचा नैवेद्य, बोडण, अमुक दिवशी अमुक पदार्थ वर्ज्य, हे सारे केवळ कर्मकांड नाही का? महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांना हा प्रश्न जास्त सतावतो. गुरुजी वेळेवर मिळत नाहीत, शेजारी कोणी त्या रीतीचे नसते आणि मुले विचारतात, "हे आपणच का करायचं?"

याचे उत्तर शोधण्यासाठी दोन समाजांकडे पाहूया. एक आपल्या कोकणातला, दुसरा जपानमधला. दोघांचा धर्म वेगळा. पण दोघांकडेही दीर्घ काळ ना प्रार्थनामंदिर होते, ना पुरोहित. होते ते फक्त घर.

कोकणातील शनवार तेली

रायगड जिल्ह्यात अलिबागच्या आसपासच्या गावांत ज्यू लोकांचा एक समाज कित्येक शतके राहत आला. ते स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची मुले म्हणवतात. जहाज फुटून त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. घाण्यावर तेल काढणे हा त्यांचा व्यवसाय. भाषा मराठी आणि आडनावेही गावावरून पडलेली, किहीमकर, पेणकर अशी. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. शनिवारचा विसावा ही ज्यू धर्माची मूळ आज्ञा आहे, हे त्या गावकऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

या लोकांकडे हिब्रू ग्रंथ उरले नव्हते आणि ती भाषाही विस्मरणात गेली होती. टिकले ते असे : शनिवार, मुलाची आठव्या दिवशी सुंता, काही उपवास, शेमा ही एक छोटी प्रार्थना आणि स्वयंपाकघराचे नियम. त्यांच्यात एक कथा सांगतात. कोचीहून डेव्हिड रहाबी नावाचे ज्यू गृहस्थ कोकणात आले. हे लोक खरोखर आपलेच आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी बायकांना वेगवेगळे मासे रांधायला दिले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे ठेवले, बाकीचे बाजूला काढले. ज्यू आहारनियम नेमका हाच आहे. रहाबींना जे कळायचे होते, ते कळले.

ही कथा मला फार मोलाची वाटते. परीक्षा झाली ती चुलीपाशी आणि ती दिली बायकांनी. ग्रंथ, मंत्र यांपैकी काहीच विचारले गेले नाही.

मटण आणि दूध एकत्र करायचे नाही, हाही त्यांचा नियम. कोकणात नारळ मुबलक, म्हणून रश्श्यात नारळाचे दूध आले. नियम बाहेरचा, चव इथली. तसाच त्यांचा मलिदा. गोड पोहे, खवलेला नारळ आणि फळे ताटात मांडून एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना करायची. नवस फिटला, लग्न ठरले, की मलिदा. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले ते 1796 मध्ये. तोवरचा सगळा काळ घरांनी निभावला. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली, तिथेही मलिदा होतो.

नागासाकीची लपलेली घरे

दुसरे उदाहरण अधिक कठीण काळातले आहे. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहून निघून जपानला पोहोचले आणि तेथे ख्रिस्ती धर्म रुजू लागला. पुढे 1614 मध्ये राज्यकर्त्यांनी देशभर त्यावर बंदी घातली. धर्मगुरूंना हाकलले किंवा ठार केले. नागासाकीत लोकांना येशू-मेरीच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचे दाखवावे लागे. तरीही काही कुटुंबांनी धर्म सोडला नाही. वरवर बौद्ध घरासारखे घर, कान्नोन या करुणेच्या देवतेची मूर्ती, पण घरातली माणसे तिच्यात मेरी पाहत. बाळाला बाप्तिस्मा गावातलाच एक जण देई, सणांच्या तारखा दुसरा जण लक्षात ठेवी. प्रार्थना तोंडपाठ होत्या.

अशी सुमारे अडीचशे वर्षे गेली. मार्च 1865 मध्ये उराकामी गावातली काही माणसे नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये आली आणि त्यांनी फ्रेंच धर्मगुरू पेतिजां यांना हळूच सांगितले, की आमच्या मनात आहे तेच तुमच्याही मनात आहे. मेरीची मूर्ती कुठे आहे, हेही त्यांनी विचारले. बंदी अजून उठलेली नव्हती. पुढे उराकामीच्या 3,000 हून अधिक लोकांना हद्दपारी भोगावी लागली. 1873 मध्ये बंदीचे फलक उतरले.

इथे एक गोष्ट लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. या घरांतल्या प्रार्थनांना ओराशो म्हणतात. त्यांत लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द जपानी शब्दांत मिसळलेले. पिढ्यानुपिढ्या म्हणत राहिल्याने उच्चार बदलले आणि अनेक ओळींचा अर्थ म्हणणाऱ्यालाही सांगता येईना. पुढे चर्च मोकळे झाल्यावरही काही कुटुंबे तिकडे गेली नाहीत. आजोबांनी जसे केले तसेच आम्ही करणार, एवढाच त्यांचा धर्म झाला होता. या निष्ठेला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण अर्थ हरवला की रीतच देव होऊन बसते, हे यातून दिसते.

आपल्या घराकडे

म्हणून ध्यान की कुळाचार, अशी निवड करावी लागते असे वाटत नाही. ध्यान ज्याचे त्याचे असते. लहान मूल आईला डोळे मिटून बसलेली पाहते, पण तिच्या आत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. सांजवात त्याला दिसते, तिच्यात तेल घालता येते. तंजावरला भोसल्यांचे राज्य 1855 मध्ये संपले, पण तमिळनाडूतल्या काही घरांत अजून मराठी बोलली जाते. राजवाड्याने नव्हे, घराने ती ठेवली.

सगळेच पाळा, असे मात्र नाही. कोणाला कमी लेखणारी, विधवेला दूर बसवणारी रीत सोडून देणे हीच साधना. आणि नोकरीमुळे दिवेलागणीला घरी पोहोचता येत नसेल, तर दिवा रात्री आठला लावावा. बेने इस्राएलांनी नारळाचे दूध घेतले, तसे आपणही थोडे बदलू शकतो.

या आठवड्याच्या कौटुंबिक सत्संगासाठी एक अभ्यास. घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला शेजारी बसवून घरच्या रीती एका वहीत लिहाव्यात. प्रत्येकीपुढे तिचे कारण मुलांनी आपल्या शब्दांत लिहावे. ज्या रीतीचे कारण कोणालाच सांगता आले नाही, तिच्यासाठी वेगळे पान ठेवावे आणि पुढच्या सुट्टीत गावी जाताना ते पान बरोबर न्यावे.